गप्पी-मोलीची पिल्लं दर वेळी का दगावतात? आधी दिवस मोजा

मादीनं पिल्लं दिली, मोजली तर चाळीस. चौथ्या दिवशी तीस, दहाव्या दिवशी अकरा, महिना संपता संपता चार-पाच उरली. पुढच्या विणीलाही तेच. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल या थेट पिल्लं देणाऱ्या माशांबद्दल सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार हीच. त्यावर घाईनं केला जाणारा उपाय म्हणजे पाण्यात एखादं औषध टाकणं. तो बहुतेक वेळा वाया जातो, कारण ही पिल्लं रोगानं कमी आणि पाणी-खाण्याच्या व्यवस्थेतल्या चुकांनी जास्त मरतात.

तेव्हा बाटली उघडण्याआधी एक वही उघडा. जन्माची तारीख, पहिल्या दिवशीची संख्या, आणि रोज सकाळी दोन आकडे: मेलेली किती सापडली आणि न सापडता कमी किती झाली. हे दोन आकडे वेगळे लिहायलाच हवेत, कारण गायब झालेलं पिल्लू खाल्लं गेलेलं असतं, किंवा फिल्टरमध्ये ओढलं गेलेलं, किंवा आदल्या दिवशी मेलेलं आणि रातोरात गोगलगाईंनी संपवलेलं. हलती पिल्लं मोजायला वरून फोनवर एक फोटो काढा आणि फोटोतली मोजा. टाकीच्या तळाखाली पांढरा कागद सरकवला की प्रत्येक पिल्लू स्पष्ट दिसतं.

दोन विणींची अशी नोंद हाताशी आली की पिल्लं नेमकी कधी जातात ते कळतं, आणि त्यावरून कारण बऱ्यापैकी नेमकं हाती लागतं. पहिल्या दिवसाची कारणं वेगळी, दुसऱ्या आठवड्याची वेगळी, महिन्यानंतरची आणखी वेगळी.

पहिल्याच दिवशी पिल्लं दिसत नाहीत

आई स्वतःची पिल्लं खाते हे पटायला जड जातं, पण तिच्या समोरून तुरुतुरु जाणारी सात-आठ मिलिमीटरची कोणतीही वस्तू तिच्या लेखी खाणंच असते. पोट भरलेलं असेल तर कमी खाते, एवढाच फरक. मादी बऱ्याचदा पहाटे पिल्लं देते. टाकीत लपायला जागा नसली तर सकाळी तुम्हाला पोट बसलेली मादी दिसते आणि पिल्लू एकही दिसत नाही.

म्हणून मादी केव्हा पिल्लं देणार हे आधी कळायला हवं, आणि इथे वहीचा पहिला उपयोग होतो. गप्पी आणि प्लॅटी साधारण २४ ते ३० दिवसांनी पिल्लं देतात, मोलीला चार-पाच आठवडे लागतात. मागची तारीख लिहिलेली असली की पुढची जवळपास ठरतेच. नराला वेगळं केलं तरी हिशोब थांबत नाही, कारण मादी शुक्राणू काही महिने साठवून ठेवते आणि एकाच मिलनावर अनेक विणी देऊ शकते.

व्यायला टेकलेली मादी बाजूनं न पाहता समोरून पाहा. एरवी गोल दिसणारं पोट आता खालून चौकोनी झालेलं दिसतं. गुदद्वाराजवळचा डाग गडद आणि पसरलेला असतो, आणि फिकट रंगाच्या गप्पीत त्या डागाच्या कातडीतून बारीक काळे ठिपके जोडीजोडीनं दिसतात. ते पिल्लांचे डोळे. हे दिसायला लागले की एक-दोन दिवसच उरलेत असं समजा. मादी एकटी हीटरच्या मागे किंवा कोपऱ्यात थांबते, खाण्याकडे फारसं लक्ष देत नाही.

आता ब्रीडिंग बॉक्सबद्दल. टाकीत लटकवायची ती प्लॅस्टिकची छोटी डबी पिल्लं वाचवण्यासाठीच बनवलेली असते, पण बऱ्याच घरांत नुकसानीची सुरुवात तिथूनच होते. व्यायला आलेली मादी जेमतेम लिटरभर पाण्यात कोंडली की घाबरते, डबीच्या भिंतींवर धडका घेते, आणि दिवस भरण्याआधीच पिल्लं टाकते. डबीच्या फटींतून पाणी नीट खेळत नाही. शिवाय लोक तिला तिथे चार-चार दिवस ठेवतात. डबी वापरायचीच असेल तर पिल्लांसाठी वापरा, तीही पहिले दोन-तीन दिवस, आत एअर स्टोनचा हलका बुडबुडा सोडून. मादीला तिच्यात ठेवूच नका.

त्याऐवजी २० ते ३० लिटरची वेगळी टाकी, पाणी मूळ टाकीतलंच, आणि आत भरपूर वनस्पती: दोन मुठी जावा मॉस तळाला, वर तरंगता हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रास इतका दाट की पाण्याचा निम्मा पृष्ठभाग झाकला जावा. पिल्लं जन्मल्याबरोबर वरच्या थराकडे धावतात, म्हणून लपण मुख्यतः वर हवं. तळाला प्लॅस्टिकची झाडं मांडून काही साधत नाही. मादीला इथे हलवायचं ते मागच्या विणीनंतर पंधरा-अठरा दिवसांनी, शेवटच्या दोन-तीन दिवसांत कधीच नाही. पिल्लं झाली की काही तासांत तिला काढा. तिला एक दिवस तरी नरांपासून लांब विश्रांती मिळाली तर उत्तम, कारण व्यालेल्या मादीमागे नर लगेच लागतात.

पिल्लं आहेत, पण तळाला घसरतायत

निरोगी पिल्लू मुरडलेल्या गोळीसारखं बाहेर पडतं, क्षणभर खाली जातं, सरळ होतं आणि शेपटी मारत वर येतं. वर येऊन ते हवेचा घोट घेतं, त्यानं त्याची हवेची पिशवी भरते आणि मग ते पाण्यात हव्या त्या उंचीवर थांबू शकतं. हा पहिला घोट चुकला की पिल्लू पोटावर घसरत राहतं. उड्या मारत वर येतं आणि हालचाल थांबली की पुन्हा दगडासारखं खाली.

कारणं तीन. पहिलं, अकाली जन्म. अशा पिल्लाच्या पोटाखाली पिवळसर पिशवी लोंबताना दिसते. त्यातली थोडी जगतात, शांत आणि उथळ पाण्यात ठेवलं तर दोन दिवसांत पिशवी जिरवून पोहायला लागतात. त्या काळात त्यांना खायला घालू नका, ती खात नाहीत आणि पाणी मात्र नासतं. दुसरं, पाणी खोल आणि प्रवाह जोरदार. ४५ सेंटिमीटर खोल टाकीत पॉवर फिल्टर चालू असेल तर अशक्त पिल्लू वर पोचतच नाही. पहिला आठवडा पाण्याची खोली १० ते १५ सेंटिमीटर पुरे. तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही: पाण्यावरचा तेलकट पापुद्रा. खाद्य आणि जिवाणूंचा हा थर झगझगीत, किंचित इंद्रधनुषी दिसतो. साधा टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरून एका टोकाकडून ओढून घ्या, दोन-तीन वेळा. एअर स्टोननं पृष्ठभाग हलता ठेवला तर तो पुन्हा जमत नाही.

एका विणीत एक-दोन घसरणारी पिल्लं निघणं नेहमीचं आहे. निम्म्याहून जास्त निघत असतील तर मादीला कधी आणि कसं हलवलं, ते तपासा.

चौथा ते बारावा दिवस: इथेच सगळं बिघडतं

बहुतेक वह्यांमध्ये आकडा इथे कोसळतो. पहिले तीन दिवस पिल्लं टवटवीत असतात, मालक खूश असतो, दिवसातून पाच वेळा खायला घालतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज दोन-चार मेलेली सापडतात. अंगावर डाग नाही, जखम नाही. काही पिल्लं पृष्ठभागाशी तोंड लावून उभी, कल्ले भरभर हलताना दिसतात. हा रोग नव्हे, हा अमोनिया आहे, म्हणजे खाणं आणि विष्ठा यांतून पाण्यात तयार होणारं विष.

कारण साधं आहे. पिल्लांसाठी म्हणून स्वच्छ धुतलेली टाकी, नवं पाणी, नवा स्पंज. या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणूच नसतात. ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पिल्लांकडे तेवढा वेळ नसतो. मोठ्या टाकीत ज्या जिवाणूंवर आपण नकळत विसंबून असतो, ते सगळे तिथल्या फिल्टरमध्ये आणि वाळूत राहिले. पिल्लांच्या टाकीत आलं ते फक्त खाणं आणि विष्ठा.

त्यात पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा खेळ. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर त्यातला साधारण अर्धा टक्का मुक्त, म्हणजे खरा मारक रूपात असतो. पीएच ८ ला हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं, जवळजवळ दहापट. गप्पी-मोलीला कठीण, किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं, म्हणून त्यांच्या टाकीचा पीएच बहुधा ७.५ ते ८.२ असतो. म्हणजे जे पाणी या माशांना सर्वांत चांगलं, त्याच पाण्यात अमोनियाची चूक सर्वांत महाग पडते. मऊ, किंचित आम्ल पाण्यात राहणाऱ्या टेट्रा माशांच्या टाकीत खपून जाणारा निष्काळजीपणा इथे खपत नाही, तो यामुळे.

उपाय पिल्लं जन्मायच्या तीन-चार आठवडे आधी सुरू होतो. एक जादा स्पंज फिल्टर घ्या आणि तो मोठ्या टाकीतच चालू ठेवा. मादीला वेगळ्या टाकीत हलवाल त्याच दिवशी तो भिजलेला, तपकिरी झालेला स्पंज तिकडे न्या. धुवायचा नाही, पिळायचाही नाही, आणि वाटेत वाळू द्यायचा नाही. सोबत मोठ्या टाकीतला शेवाळलेला मॉस आणला तर आणखी चांगलं, कारण त्यावर जिवाणू तर असतातच, शिवाय पिल्लांना टिपायला सूक्ष्म जीवही असतात. पुढे स्पंज धुवायची वेळ आली की टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबा. नळाखाली धरलात तर क्लोरीननं जिवाणू मरतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पिल्लांच्या टाकीसाठी स्पंज फिल्टरशिवाय दुसरा विचार करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हवेवर चालतो, पिल्लू ओढत नाही, पृष्ठभाग हलता ठेवतो, आणि त्याच्या भिंतीवर अडकलेले कण पिल्लं दिवसभर टिपत राहतात. हँग-ऑन किंवा आतला पॉवर फिल्टर वापरावाच लागला तर पाणी ओढणाऱ्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज घट्ट बसवा. तो ढिला असेल तर पिल्लं फटीतून आत शिरतात. फिल्टर उघडल्यावर आत जिवंत पिल्लं सापडली तर फटीचं कारण शोधा.

पाणी बदलण्याचं वेळापत्रक: २० लिटरला २५-३० पिल्लं असतील तर रोज १५ ते २० टक्के, म्हणजे तीन-चार लिटर. जमत नसेल तर एक दिवसाआड ३० टक्के. आठवड्यातून एकदा निम्मं पाणी बदलण्यापेक्षा रोजचं थोडं पिल्लांना जास्त मानवतं. नवं पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा एक-दोन अंशांहून गार किंवा गरम नको, बोटानं न अजमावता थर्मामीटरनं पाहा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर २४ तास उघडं ठेवल्यानं किंवा एअर स्टोन लावून ते निघून जातं. क्लोरामाइन असेल तर तसं निघत नाही, त्याला डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रावण लागतंच.

तळ साफ करायला मोठा सायफन नको. एअर पंपाची चार मिलिमीटरची नळी घ्या, तिच्या टोकाला टणक प्लॅस्टिकची एक लांब काडीनळी बसवा, आणि दुसरं टोक पांढऱ्या बादलीत सोडा. बादली पांढरी यासाठी की एखादं पिल्लू ओढलं गेलं तर लगेच दिसतं. बादलीतलं पाणी ओतण्याआधी दहा मिनिटं थांबा, गाळ खाली बसला की उरलेली पिल्लं वर हलताना दिसतात. चमच्यानं उचलून परत सोडा. जाळीनं धरू नका, जाळीत त्यांचे पर आणि कल्ले दुखावतात.

पिल्लं आत्ता मरत असतील तर क्रम असा. अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया पचवताना जिवाणू तयार करतात तो दुसरा विषारी पदार्थ) थेंबांच्या टेस्ट किटनं तपासा, दोन्ही शून्य असायला हवेत. खाणं एक दिवस पूर्ण बंद करा, निरोगी पिल्लू एका दिवसाच्या उपाशीपणानं मरत नाही. तळातला सगळा गाळ नळीनं ओढा आणि त्यातच ४० ते ५० टक्के पाणी बदला. बारा तासांनी पुन्हा ३० टक्के. हवा वाढवा. मात्र एक सावधगिरी आहे: टाकीतला पीएच ६.५च्या आसपास उतरलेला असेल आणि नळाचं पाणी ८ असेल, तर एकदम निम्मं पाणी बदलल्यानं उरलेला अमोनिया विषारी रूपात जातो आणि तासाभरात पिल्लं आडवी होतात. ‘पाणी बदललं आणि लगेच सगळी मेली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. अशा वेळी आधी अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर टाका आणि मग दर दोन-तीन तासांनी दहा-दहा टक्केच बदला. नायट्राइट चढलेला असेल तर लिटरमागे एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून टाकल्यानं कल्ल्यांतून होणारं त्याचं शोषण कमी होतं. या माशांना तेवढं मीठ सहज सोसतं, टाकीत कोरीडोरास (तळाला राहणारे छोटे मासे) किंवा नाजूक झाडं असतील तर बेतानं.

पाणी शून्य-शून्य आहे, तरीही रोज एक-दोन जातात

मग पोट पाहा. खाल्ल्यानंतर दहा मिनिटांनी टाकीच्या मागून टॉर्च धरा. पिल्लाचं अंग पारदर्शक असतं, त्यामुळे पोट भरलं असेल तर गोल, टपोरं दिसतं, आणि आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या जिवाची सूक्ष्म पिल्लं) खाल्ला असेल तर चक्क नारिंगी. पोट आत गेलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं आणि पाठीचा कणा ठळक दिसत असेल तर पिल्लू उपाशी आहे, टाकीत खाणं कितीही पडलेलं असो.

टाकीत खाणं असूनही पिल्लू उपाशी का राहतं? एक तर कण मोठे. तोंड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, आणि आपण चिमटीत चुरलेले फ्लेक्स टाकतो, त्याचे कण त्याहून मोठे. पिल्लू तोंडात घेतं, थुंकतं, पुन्हा घेतं. फ्लेक्स दोन चमच्यांमध्ये घासून पिठासारखे करा, चहाच्या गाळणीतून चाळा, चमचाभर टाकीच्या पाण्यात भिजवा आणि ड्रॉपरनं सोडा. दुसरं, सगळं खाणं एकाच कोपऱ्यात पडतं आणि मोठी पिल्लं तिथून हलत नाहीत. तीन-चार ठिकाणी थोडं-थोडं टाका. तिसरं, दिवसातून दोनदाच खाणं. त्यांची आतडी एवढीशी असतात, पोट दोन-तीन तासांत रिकामं होतं. चार वेळा घाला, पण एका वेळी ३० पिल्लांना काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढंच. चार मिनिटांनंतर तळाला काही उरलं तर पुढच्या वेळी त्याहून कमी.

ताज्या उबवलेल्या आर्टेमियाला मात्र पर्याय नाही. एकाच विणीतली अर्धी पिल्लं पावडरवर आणि अर्धी आर्टेमियावर वाढवली तर तीन आठवड्यांत फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. कण हलता असल्यामुळे पिल्लू त्याच्यामागे धावतं, आणि न खाल्लेला जीव काही तास जिवंत राहतो, लगेच सडत नाही.

थोड्या पिल्लांसाठी मोठ्या उपकरणाची गरज नाही. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा, आणि चिमूटभर आर्टेमियाची अंडी. पाणी २६ ते २८ अंश, तळापासून जोराचा बुडबुडा, वर दिवा. २४ ते ३० तासांत पाणी नारिंगी होतं. मग हवा बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा: रिकामी कवचं वर तरंगतात, न उबलेली अंडी अगदी तळाला बसतात, आणि तळाच्या बाजूला दिवा धरला की जिवंत पिल्लं त्या उजेडाकडे गोळा होतात. तिथून नळीनं ओढून दाट विणीच्या कापडातून गाळा, साध्या पाण्यानं धुवा, आणि मगच घाला. कवचं टाकीत गेली तर पिल्लं ती गिळतात आणि त्यांची आतडी तुंबतात. पोट फुगलेलं पण पिल्लू खंगतंय, असं दिसलं तर हा संशय आधी घ्या.

आर्टेमियाचं पोषण त्याच्या स्वतःच्या बलकात असतं आणि उबल्यापासून तो बलक सतत खर्च होत असतो. आठ-दहा तासांच्या आत घातला तर चांगला. उरलेला गाळून, थोड्या खाऱ्या पाण्यात, फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येतो, थंडीनं हा खर्च मंदावतो.

अंडी उबवायला जमत नसेल तर मायक्रोवर्म, म्हणजे घरी वाढवता येणारे बारीक पांढरे जंत चालतात, फक्त ते तळाला जातात, म्हणून तळ उघडा हवा. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक हा जुना उपाय आहे आणि पिल्लं तो खातातही. पण वाटाण्याएवढा बलक कापडात बांधून कपभर पाण्यात पिळायचा, त्यातले चार-पाच थेंबच टाकायचे आणि अर्ध्या तासानं तळ नळीनं साफ करायचा, एवढी शिस्त पाळणार असाल तरच. एरवी बलकासारखं पाणी नासवणारं दुसरं खाणं नाही.

शेपटी मिटून सुईसारखी झाली

पसरलेली शेपटी मिटते, पिल्लू जागच्या जागी डुलतं, दोन-तीन दिवसांत मरतं. पाणी मऊ असेल तर प्रथम तिथे पाहा. आरओचं पाणी शुद्ध म्हणून थेट वापरणं ही या माशांच्या बाबतीत नेहमीची चूक आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, आणि मोली तर त्यात काही दिवसांतच डुलायला लागते. एकूण काठिण्य निदान ८ ते १२ जर्मन अंश हवं, मोलीला १५ च्या वर चालतं. फिल्टरजवळ जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचा किंवा पोवळ्याचा चुरा ठेवला की काठिण्य हळूहळू वाढतं आणि पीएच अचानक कोसळत नाही. पीएच ६ च्या खाली गेला तर अमोनिया पचवणारे जिवाणूही काम थांबवतात, म्हणजे प्रश्न फिरून तिथेच.

पाणी कठीण असूनही शेपट्या मिटत असतील, तर खोलीत अंधार करून टॉर्चचा उजेड तिरका पाडून अंग पाहा. पिठीसाखरेहून बारीक, सोनेरी-तपकिरी धूळ दिसली तर ती वेल्व्हेट. पिल्लं ती फार सोसत नाहीत, त्यामुळे त्याच दिवशी हालचाल करावी लागते: लिटरमागे २ ग्रॅम मीठ २४ तासांत टप्प्याटप्प्यानं, तापमान २८, टाकीवर जाड कापड टाकून काळोख, कारण हा परजीवी काही अंशी उजेडावर जगतो. तांब्याचं औषध मोठ्यांना चालतं, पण पिल्लांना मारक आणि उपकारक मात्रेतलं अंतर फार थोडं असतं. टेस्ट किटशिवाय ते वापरू नका. गोगलगाई आणि झिंगे त्यात मरतात.

तापमानाबद्दल थोडं. वाढ लवकर व्हावी म्हणून हीटर ३० वर ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. २४ अंशांना पाणी लिटरमागे साधारण ८.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० ला ७.५ च्या आसपास. म्हणजे पिल्लाची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. २६ ठेवा आणि ते दिवसरात्र तेवढंच राहील याकडे लक्ष द्या.

काचेवरचे पाहुणे

मॉस किंवा तळ्यातली झाडं आणल्यावर पिल्लं एक-एक करून नाहीशी होत असतील तर रात्री टॉर्च लावून झाडं तपासा. टाचणी या चतुरासारख्या उडणाऱ्या किड्याच्या अळ्या, म्हणजे सडपातळ अंगाच्या, मागे तीन पानांसारखे कल्ले असलेल्या, एका रात्रीत दोन-तीन पिल्लं संपवतात. चिमट्यानं काढणं हाच इलाज. काचेवर पाच-दहा मिलिमीटरचे पांढुरके धागे, टोकाला शुंडके, हलवलं की आखडतात, तो हायड्रा. आर्टेमियावर तो झपाट्यानं फोफावतो आणि अशक्त पिल्लांना डंख करतो. थोडा असेल तर खाणं कमी करून खरवडून काढा, फार झाला असेल तर पिल्लं दुसऱ्या टाकीत हलवून ही टाकी कढत पाण्यानं धुवा. नवी झाडं पिल्लांच्या टाकीत थेट टाकूच नयेत, आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावीत.

तीन आठवडे ओलांडले, पण वाढ थांबली

आता मरण कमी, खुरटणं जास्त. महिन्याच्या गप्पीनं १२ ते १५ मिलिमीटर गाठायला हवेत. ती अजून नऊ-दहावर असतील तर बहुतेक वेळा टाकी लहान पडलेली असते. २० लिटरची टाकी ३० पिल्लांना तीन आठवडे पुरते, त्यापुढे ४० लिटर लागतात, नाहीतर रोज पाणी बदलूनही नायट्रेट (अमोनिया पचून शेवटी उरणारा पदार्थ) लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वर राहू शकतो. जागा नसेल तर पिल्लं कमी ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग. साठ खुरटलेल्या पिल्लांपेक्षा वीस सुदृढ पिल्लं बरी, आणि हा निर्णय पहिल्या आठवड्यात घ्यायचा असतो. एकाच टाकीत मोठी-लहान मिसळली असतील तर आकारानं वेगळी करा, कारण नंतर जन्मलेल्या पिल्लांना आधीच्या विणीची मोठी पिल्लंच खातात.

चौथ्या आठवड्यापासून नर-मादी ओळखायला लागा. मादीच्या पोटामागे डाग दिसू लागतो आणि तिचा गुदद्वाराजवळचा पर पंख्यासारखाच राहतो. नराचा तोच पर हळूहळू निमुळता होऊन काडीसारखा होतो. रंग यायची वाट पाहू नका, रंग दिसेपर्यंत काही नर कामाला लागलेले असतात. ज्यांचा संशय येईल ते आधी बाहेर काढा. कोवळ्या वयात गाभण राहिलेली मादी पुढे नीट वाढत नाही, आणि तिची पहिली वीण पाच-दहा पिल्लांची, तीही बहुधा लहान आणि कमजोर.

कणा वाकडा असलेलं पिल्लू खातं-पितं तोवर जगू द्या, पण त्याच्याकडून वीण घेऊ नका. एका विणीत तशी बरीच निघाली तर नर बदला, दुसऱ्या रक्ताचा आणा. मोठ्या टाकीत पिल्लं सोडायची ती दोन सेंटिमीटरच्या आसपास झाल्यावर, सहा ते आठ आठवड्यांनी. टाकीतल्या सर्वांत मोठ्या माशाच्या तोंडाशी पिल्लाची जाडी ताडून पाहा. शंका वाटली तर आणखी एक आठवडा थांबा, आणि सोडताना मोठ्यांना आधी पोटभर खायला घालून, दिवा मालवून सोडा.